घरच्या छोट्या कॉम्प्युटरवरून रोजचा क्लाउड बॅकअप: बंद पडला तर कळेल का?

31 जानेवारी 2017 च्या रात्री गिटलॅब या कंपनीत एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर फोल्डर पुसण्याची कमांड दिली. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात येऊन त्याने ती थांबवली, पण तोवर सुमारे 300 जीबीच्या डेटाबेसमधले जेमतेम साडेचार जीबी उरले होते. बॅकअपच्या आणि जोडप्रती ठेवण्याच्या पाच पद्धती कागदावर होत्या. त्यांतली एकही धड चालत नव्हती, किंवा मुळात लावलेलीच नव्हती. रोज एक प्रत अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर जाते असं सगळे धरून चालले होते. तिथे जाऊन पाहिलं तर काहीच नव्हतं. प्रत काढणारा प्रोग्राम 9.2 आवृत्तीचा आणि डेटाबेस 9.6 चा, त्यामुळे तो वेळेवर सुरू व्हायचा आणि लगेच बंद पडायचा. ‘जमलं नाही’ अशी ईमेलही निघत होती, पण ती ज्या पद्धतीने पाठवली जायची ती समोरच्या मेल सर्व्हरच्या सुरक्षेच्या नियमांत बसत नव्हती, म्हणून परत फिरत होती. शेवटी त्याच इंजिनिअरने सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी हाताने घेतलेली एक प्रत सापडली आणि तिच्यावर सगळं पुन्हा उभं राहिलं. हा सारा तपशील कंपनीने स्वतःहून जाहीर केला, म्हणून आज तो सगळ्यांना शिकता येतो.

तिथे तज्ज्ञांची फौज होती. घरी आपण एकटेच असतो. म्हणून घरच्या कॉम्प्युटरवरून क्लाउडवर रोज आपोआप बॅकअप लावायचा म्हटलं, की तो चालू कसा करायचा यापेक्षा तो बंद पडल्यावर आपल्याला कळणार कसं, याला जास्त वेळ द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. चालू करणं एका संध्याकाळचं काम आहे. त्यानंतर पुढची पाच वर्षं आपण त्याच्याकडे बघणार नसतो.

आधी काय जपायचं ते ठरवा

सगळंच जपायला गेलं की काहीच नीट जपलं जात नाही. सातबारा उतारा महाभूलेखवरून पुन्हा काढता येतो, आधार आणि पॅन डिजिलॉकरमध्ये मिळतात, डाउनलोड केलेले सिनेमे पुन्हा डाउनलोड होतात, ऑपरेटिंग सिस्टीम पुन्हा टाकता येते. आजीच्या आवाजात रेकॉर्ड केलेल्या ओव्या, वडिलांच्या हस्ताक्षरातल्या वहीचे स्कॅन, मुलांचे लहानपणचे व्हिडिओ, सोसायटीचा गेल्या दहा वर्षांचा हिशोब, अर्धवट लिहिलेलं पुस्तक, हे मात्र कुठल्याच सरकारी कार्यालयातून परत मिळणार नाही. बहुतेक घरांत हा पुन्हा न मिळणारा ऐवज शंभर-दोनशे जीबीच्या आत बसतो. एवढा ठरला की पुढचं सगळं स्वस्त आणि सोपं होतं.

बॅकअपच्या जगात 3-2-1 असा एक ठोकताळा आहे. पीटर क्रोघ या छायाचित्रकाराने तो रूढ केला. एकूण तीन प्रती, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. आपल्याकडे हा शेवटचा ‘एक’ नेहमी राहून जातो. हार्ड डिस्क दोन घेतात, पण दोन्ही एकाच कपाटात ठेवतात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, 2019 मध्ये सांगली-कोल्हापूर आणि 2021 च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं. तळमजल्यावरच्या कपाटातल्या दोन प्रती अशा वेळी एकीसारख्याच. क्लाउड हवा तो या घराबाहेरच्या प्रतीसाठी.

पण घरातली प्रत काढून टाकू नका. क्लाउड म्हणजेही शेवटी कुठल्यातरी इमारतीतलं कॉम्प्युटरच. 10 मार्च 2021 ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या कंपनीची अशी एक अख्खी इमारत जळाली आणि ज्यांचा मूळ डेटा व बॅकअप दोन्ही तिथेच होते, त्यांचं दोन्ही गेलं.

लॅपटॉप नको, कायम चालू राहणारं काहीतरी हवं

लॅपटॉप रात्री मिटलेला असतो, प्रवासाला जातो, अपडेटसाठी बंद होतो. रोजच्या कामाला घरात एका जागी पडून राहणारं यंत्र लागतं. रास्पबेरी पाय हा पत्त्यांच्या कॅटएवढा कॉम्प्युटर फेब्रुवारी 2012 मध्ये 35 डॉलरला आला, तेव्हापासून जगभर अशा कामांना तोच वापरतात. जुना मिनी पीसी असेल तरी चालतो. पुढचं सगळं त्यालाही लागू आहे. रास्पबेरी पायचं चौथं मॉडेल (पुढे नुसतं ‘पाय 4’) आणि त्याला जोडलेली एक पोर्टेबल हार्ड डिस्क मिळून सरासरी 8 वॉट वीज धरली तर महिन्याला पावणेसहा युनिट होतात. युनिटला दहा रुपये धरले तरी साठ रुपयांच्या आत.

विकत घेताना दोनच गोष्टींवर कंजुषी करू नये. पहिली, अ‍ॅडॉप्टर. घरात पडलेला मोबाइलचा चार्जर लावला की पाय सुरू होतो, पण डिस्क फिरायला लागल्यावर व्होल्टेज पडतं आणि डिस्क अधूनमधून गायब होते. पाय 5 ला 3 अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर लावला तर तो यूएसबीला मिळून फक्त 600 मिलिअँपिअर देतो. बऱ्याच पोर्टेबल डिस्कना ते पुरत नाही. त्याचाच 27 वॉटचा अ‍ॅडॉप्टर घ्या. दुसरी गोष्ट, साठवण. पायमधलं मेमरी कार्ड फक्त ऑपरेटिंग सिस्टीमपुरतं ठेवा. सतत लिहून लिहून ही कार्डं मरतात, तीही न सांगता. फोटो आणि कागदपत्रं डिस्कवरच हवीत.

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. सिंक म्हणजे इथे जे असेल तेच तिथे. इथली फाइल पुसली गेली की तिथलीही पुसली जाते. इथली फाइल खराब झाली की तिथली चांगली प्रत खराब प्रतीने झाकली जाते. खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणारा एखादा व्हायरस घरात शिरला, तर सिंक त्या कुलूपबंद फाइली इमानेइतबारे क्लाउडवर पोचवतं. बॅकअपचं काम वेगळं: काल, परवा, गेल्या महिन्यात हे फोल्डर कसं होतं, ते दाखवणं.

आरक्लोन हे फार चांगलं, मोफत साधन आहे. गुगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, अ‍ॅमेझॉन एस-थ्री, बॅकब्लेझ अशा सत्तरहून अधिक ठिकाणांशी ते बोलू शकतं. त्यात ‘कॉपी’ आणि ‘सिंक’ या दोन वेगळ्या कमांड आहेत. कॉपी तिथलं काही पुसत नाही, सिंक पुसते. नवशिक्याने सिंकच्या वाटेला जाऊच नये. गेलात तर आधी ‘ड्राय-रन’ लावून काय काय पुसलं जाणार त्याची यादी वाचावी.

रोजच्या बॅकअपसाठी माझी शिफारस रेस्टिकची आहे. तेही मोफत, तेही पायवर सहज चालतं. ते काय करतं हे समजलं की पुढचे निर्णय आपोआप सुचतात, म्हणून जरा तपशिलात सांगते.

रेस्टिक प्रत्येक फाइलचे तुकडे पाडतं, साधारण एक-एक एमबीचे. मोजून नव्हे, तर मजकूर बघून कुठे कापायचं ते ठरवतं. प्रत्येक तुकड्याच्या मजकुरावरून गणिताने एक लांबलचक आकडा निघतो, तोच त्या तुकड्याचं नाव. हे नाव क्लाउडवर आधीच असेल तर तुकडा पुन्हा पाठवायचा नाही. समजा सोसायटीच्या हिशोबाची 40 एमबीची फाइल आहे आणि आज मधोमध एक ओळ वाढली. तुकडे मजकुरावरून पडत असल्यामुळे ती ओळ ज्या तुकड्यात आहे तेवढाच बदलतो, आजूबाजूचे तसेच राहतात. 40 एमबीऐवजी एक-दोन एमबी वर जातात. फोटोंचं फोल्डर ‘गणपती’ नावाचं होतं ते ‘गणपती 2023’ केलं, तरी एकही फोटो पुन्हा जात नाही, कारण मजकूर तोच आहे. फक्त झिप करून ठेवलेल्या फाइलींना याचा फायदा मिळत नाही. आत थोडं बदललं तरी बाहेरून खूप काही बदलतं. म्हणून बॅकअपच्या आधी झिप करायची सवय सोडून द्या.

या तुकड्यांवर रेस्टिक रोज एक ‘स्नॅपशॉट’ लिहितं, म्हणजे त्या दिवशी कुठली फाइल कुठल्या तुकड्यांची बनलेली होती त्याची यादी. त्यामुळे पाहताना प्रत्येक दिवसाची प्रत पूर्ण दिसते, जागा मात्र फक्त फरकाची लागते. जुन्या प्रती किती ठेवायच्या ते आपण सांगायचं. रोजच्या 7, आठवड्याच्या 4 आणि महिन्याच्या 12 हे घराला पुरतं. मुलाने मार्चमध्ये चुकून पुसलेला फोल्डर दिवाळीत लक्षात आला तरी महिन्याच्या प्रतींत तो सापडतो.

चालू डेटाबेसचं तेवढं वेगळं. फोटो लावणारं एखादं सॉफ्टवेअर किंवा हिशोबाचा प्रोग्राम सुरू असताना त्याच्या डेटाबेसची फाइल जशीच्या तशी उचलली तर ती अर्धी जुनी, अर्धी नवी येऊ शकते. आधी त्या प्रोग्रामलाच त्याची प्रत काढायला सांगायचं, मग ती प्रत वर पाठवायची.

घरातून बाहेर पडण्याआधीच सगळे तुकडे कुलूपबंद होतात, त्यामुळे क्लाउडवाल्या कंपनीला आपले फोटो दिसत नाहीत. याची दुसरी बाजू कडक आहे: पासवर्ड हरवला तर जगात कोणीही तो परत मिळवून देऊ शकत नाही. ‘पासवर्ड विसरलात?’ असं बटणच नाही. तो कुठे ठेवायचा ते शेवटी येतंच.

पहिली रात्र आणि नंतरच्या रात्री

इंटरनेटचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइली मेगाबाइटमध्ये मोजतात. आठ बिटांचा एक बाइट. 100 जीबी म्हणजे साधारण आठ लाख मेगाबिट. अपलोडचा वेग सेकंदाला 20 मेगाबिट असेल तर 40,000 सेकंद, म्हणजे अकरा तासांहून थोडे जास्त. जाहिरातीत लिहिलेला वेग बहुतेकदा डाउनलोडचा असतो, अपलोडचा स्वतंत्र मोजून पाहा. नंतरच्या रात्रींना दिवसभराचे नवे फोटो 500 एमबी धरले तर साडेतीन मिनिटांच्या आत काम होतं.

पहिल्या मोठ्या अपलोडच्या वेळी घरात कोणाची ऑनलाइन मीटिंग असेल तर तिची वाट लागते. आरक्लोनला आणि रेस्टिकला वेगाची मर्यादा घालून देता येते, ती घाला. आणि हे अपलोड पहिल्या रात्रीत संपलं नाही तर दुसऱ्या रात्री त्याच कामाची दुसरी फेरी सुरू होऊ शकते. एक फेरी चालू असताना दुसरी सुरूच होऊ नये, अशी सोय लिनक्समध्ये, म्हणजे पायवरच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये, ‘एफलॉक’ नावाच्या छोट्या कमांडने होते. मध्येच वीज गेली तर घाबरू नका. वर पोचलेला बहुतेक भाग पुढच्या वेळी तसाच वापरला जातो. जुन्या प्रती छाटत असताना वीज गेली तर रेस्टिकचं अंतर्गत कुलूप लागलेलं राहू शकतं आणि पुढच्या रात्री ते काम नाकारतं; ‘अनलॉक’ कमांडने ते निघतं.

अडीच वाजता कोण उठवतं

ठरलेल्या वेळी काम सुरू करून देणारा, लिनक्सच्या पूर्वज असलेल्या युनिक्समधला सगळ्यात जुना सेवक म्हणजे क्रॉन. 1979 च्या युनिक्सपासून तो आहे आणि त्याची भाषा आजही ओळखीची आहे. ओळीच्या सुरुवातीला पाच खाने: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. आकड्याऐवजी टाकलेल्या चांदणीचा अर्थ ‘कुठलाही’.

30 2 * * *

म्हणजे रोज रात्री दोन वाजून तीस मिनिटांनी. यापुढे कमांड लिहायची. एवढंच आहे, आणि तरीही पहिल्या आठवड्यात लोक इथेच अडकतात. कारण हाताने चालवलेली कमांड आणि क्रॉनने चालवलेली कमांड वेगळ्या वातावरणात चालतात. तुम्ही लॉगिन केलेलं असताना कुठले प्रोग्राम कुठे ठेवलेत हे सिस्टीमला माहीत असतं. क्रॉनला त्यातलं फार थोडं माहीत असतं. म्हणून प्रत्येक प्रोग्रामचा आणि फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहा. आरक्लोनच्या सेटिंगची फाइल तुमच्या युजरच्या स्वतःच्या ‘होम’ फोल्डरमध्ये असते. काम रूट या मुख्य युजरच्या नावाने लावलं तर ते रूटच्या फोल्डरमध्ये शोधतं आणि त्याला ती मिळत नाही. आणखी एक खोड: क्रॉनच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह आलं की तो तिथे ओळ संपली असं समजतो. फाइलच्या नावात तारीख घालणारे याच ठिकाणी फसतात. सोपा उपाय असा, की सगळी कामं एका स्क्रिप्ट फाइलमध्ये लिहायची आणि क्रॉनच्या ओळीत फक्त त्या फाइलचा पत्ता द्यायचा.

वेळेचाही घोळ होतो. नव्या पायवर टाइम झोन आपला निवडलेला नसेल आणि घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर असेल, तर आपलं ‘रात्री अडीच’ भारतात सकाळी आठला उजाडतं, नेमकं सगळे इंटरनेट वापरत असताना. अमेरिकेत राहणाऱ्यांनी दोन ते तीन ही वेळ टाळलेलीच बरी. मार्चमध्ये घड्याळं पुढे होतात त्या रात्री अडीच वाजतच नाहीत. पहाटे चार ठेवा.

भारतात मात्र खरा प्रश्न विजेचा आहे. अडीच वाजता लाइट नसेल तर क्रॉनचं त्या रात्रीचं काम गेलं, तो नंतर भरपाई करत नाही. म्हणून मी सिस्टमडीचा, म्हणजे लिनक्समधली कामं सुरू-बंद करणाऱ्या यंत्रणेचा, टायमर वापरायला सांगते. त्यात ‘पर्सिस्टंट’ नावाची एक सोय आहे: ठरलेल्या वेळी यंत्र बंद होतं असं लक्षात आलं, की सुरू झाल्याबरोबर ते काम उरकून घेतं. त्यातही एक बारकावा आहे. पाय 4 आणि त्याआधीच्या पायमध्ये बॅटरीवरचं घड्याळ नाही. लाइट आल्यावर तो बंद पडतानाची जुनी वेळ धरून उठतो आणि इंटरनेट मिळाल्यावर घड्याळ लावून घेतो. राउटरला आणि फायबरच्या डब्याला सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात, पाय त्याआधीच उठलेला असतो. म्हणजे भरपाईचं काम नेट नसतानाच सुरू होऊन आपटू शकतं. टायमरला ‘नेट आलं आणि घड्याळ लागलं की मगच’ अशी अट घाला, किंवा स्क्रिप्टमध्ये थोडं थांबून दोन-तीनदा प्रयत्न करायला सांगा. राउटर आणि पाय दोन्ही इन्व्हर्टरवर असतील तर हा सगळा त्रास बराच कमी होतो.

डिस्क जागेवर आहे ना?

मला सगळ्यात धोक्याचा वाटतो तो हा प्रसंग. बाहेरची डिस्क पायला जोडली की तिच्यातल्या फाइली एका ठरलेल्या फोल्डरमध्ये दिसतात. डिस्क सुटली, वायर ढिली झाली, व्होल्टेज पडलं, तर फोल्डर राहतं, आतल्या फाइली दिसेनाशा होतात. कॉम्प्युटरच्या दृष्टीने ते आता एक रिकामं, पण अस्तित्वात असलेलं फोल्डर. अडीच वाजता काम सुरू होतं, त्याला कुठलीही चूक दिसत नाही.

सिंक लावलेलं असेल तर ते या रिकाम्या फोल्डरसारखंच क्लाउडही रिकामं करायला घेतं. रेस्टिक असेल तर रिकामा स्नॅपशॉट तयार होतो आणि काम ‘यशस्वी’ म्हणून नोंदलं जातं. त्या रात्री काही बिघडत नाही. पण जुन्या प्रती छाटायचा नियम पुढे चालूच असतो. आठवडाभरात रोजच्या सातही प्रती रिकाम्या होतात, महिन्यात आठवड्याच्या चारही, आणि वर्षभर कोणी बघितलं नाही तर महिन्याच्याही.

बंदोबस्त अगदी साधा आहे. डिस्कच्या आत एक छोटी फाइल बनवून ठेवा, नाव काहीही, समजा ‘मी-इथे-आहे’. स्क्रिप्टची पहिली ओळ ती फाइल शोधेल. नसेल तर पुढे काहीही न करता थांबेल. आणखी दोन गोष्टी जोडीला घ्या. डिस्कची ओळख सिस्टीमला तिच्या कायमच्या क्रमांकाने करून द्या, ‘पहिली डिस्क’, ‘दुसरी डिस्क’ अशा नावाने नको, कारण पेनड्राइव्ह लावून पाय सुरू केला की हा क्रम बदलू शकतो. आणि आरक्लोनचं सिंक वापरणारच असाल तर एका वेळी जास्तीत जास्त किती फाइली पुसायच्या याची मर्यादा घाला. त्यापुढे ते थांबतं.

शांततेचा अर्थ काय लावायचा

आता मूळ प्रश्नाकडे. बॅकअप फसला की ईमेल पाठव, असं आपण स्क्रिप्टला सांगतो. पण पाय जळाला तर ईमेल कोण पाठवणार? नेट बंद असेल तर ती जाणार कुठून? गिटलॅबसारखी ती वाटेतच अडवली गेली तर? या तिन्ही वेळी आपल्याला काहीच कळत नाही, आणि काहीच न कळणं हे सगळं ठीक असण्यासारखंच दिसतं.

म्हणून उलटं करायचं. काम झालं की दर वेळी बाहेरच्या एका सेवेला ‘झालं’ एवढा निरोप जाऊ द्यायचा. तो आला नाही की त्या सेवेने आपल्याला हाक मारायची. चाळीत सकाळी दहा वाजले तरी दुधाची पिशवी दारातच दिसली की शेजारी कडी वाजवतात, तसंच हे. हेल्थचेक्स नावाची सेवा नेमकं हेच करते आणि घरच्या वापराला तिची मोफत मर्यादा पुरते. ती आपल्याला एक खास पत्ता देते. स्क्रिप्टच्या अगदी शेवटच्या ओळीत त्या पत्त्याला भेट द्यायची. मुदत एक दिवस आणि वर सवलत सहा तास ठेवा, म्हणजे एखाद्या रात्री वीज गेली म्हणून उगाच धावपळ होत नाही. इशारा ईमेलवर घ्या आणि टेलिग्रामवरही.

शेवटच्या ओळीत, हे महत्त्वाचं. आधीची ओळ फसली तरी पुढची चालते, हा साध्या स्क्रिप्टचा स्वभाव असतो. मग बॅकअप आपटला तरी ‘झालं’ निरोप जातोच. पहिली चूक होताच थांब, असं स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच सांगावं लागतं. रेस्टिक काम संपवताना एक आकडा देतं: 0 म्हणजे सगळं ठीक, 1 म्हणजे काम फसलं, 3 म्हणजे प्रत झाली पण काही फाइली वाचता आल्या नाहीत. हा 3 कधीही दुर्लक्षू नका. मरायला टेकलेली डिस्क बऱ्याचदा याच आकड्याने पहिल्यांदा दिसते.

निरोपाबरोबर रेस्टिकचा गोषवाराही पाठवता येतो: किती फाइली, किती नव्या, किती एमबी वर गेले. आठवड्यातून एकदा त्यावर नजर टाकायची. एरवी 60,000 फाइली असतात आणि आज 14 दिसतायत, हे माणसाला क्षणात खटकतं.

या घंटीची गरज कधी पडते त्याचं एक उदाहरण देते. गुगल ड्राइव्हशी आरक्लोन जोडताना स्वतःची नोंदणी करून घेणं चांगलं, वेग बरा मिळतो. पण ती नोंदणी करताना स्थिती ‘टेस्टिंग’ अशीच राहिली तर गुगल दिलेली परवानगी सात दिवसांनी काढून घेतं. सात दिवस सगळं सुरळीत चालतं. आपण खुशीत असतो, तपासणं थांबवतो, आणि आठव्या दिवसापासून काहीच वर जात नाही. घंटी लावलेली असेल तर आठव्याच दिवशी हातात टेलिग्रामचा संदेश असतो.

पैसे आणि खातं

तांत्रिक बाजू भक्कम असूनही बॅकअप पैशांमुळे जातो, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. गुगलची 15 जीबी आणि वनड्राइव्हची 5 जीबी फुकट जागा कागदपत्रांना पुरते, फोटोंना नाही. बॅकब्लेझने ऑक्टोबर 2023 मध्ये दर महिन्याला एका टीबीला 6 डॉलर केला; त्या दराने 200 जीबीला सव्वा डॉलरच्या आतबाहेर पडतात. अ‍ॅमेझॉनची साठवण 2016 पासून मुंबईतही आहे. तिथला सगळ्यात स्वस्त प्रकार मात्र रोजच्या बॅकअपला घेऊ नका: फाइल परत मागितली की मिळायला बारा तास किंवा त्याहून जास्त लागू शकतात, आणि 180 दिवसांच्या आत पुसली तरी त्या पूर्ण मुदतीचे पैसे लागतात.

ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेचे दर महिन्याच्या आपोआप वसुलीचे नवे नियम लागू झाले आणि भारतीय कार्डांवरून होणारी बऱ्याच परदेशी सेवांची वसुली अडकायला लागली. कार्डाची मुदत संपली, बँकेने व्यवहार नाकारला, तर कंपनी काही दिवस ईमेल पाठवते, मग खातं गोठवते, आणि मग डेटा पुसते. त्या ईमेल जिथे येतात तो पत्ता रोज उघडला जाणारा हवा. जिथे आगाऊ पैसे भरून ठेवता येतात, तिथे वर्षाचे भरून टाकावेत.

पायकडे क्लाउडची जी चावी असते ती मर्यादित ठेवा. मुख्य खात्याचा पासवर्ड तिथे नको; फक्त त्या एका फोल्डरपुरती चावी बनवता येते. आणि क्लाउडच्या बाजूला ‘पुसलेलं 30 दिवस राखून ठेव’ असा नियम लावा. कोणी पायमध्ये शिरून सगळं पुसलं तरी महिनाभराचा अवधी हातात राहतो.

परत आणून बघा

महिन्यातून एकदा एक फोटो, एक कागद आणि एक जुना व्हिडिओ क्लाउडवरून परत आणा आणि उघडून बघा. यादीत नाव दिसणं पुरेसं नाही, व्हिडिओ शेवटपर्यंत चालला पाहिजे. रेस्टिकच्या ‘चेक’ कमांडला तुकड्यांचा थोडा हिस्सा दर वेळी प्रत्यक्ष वाचून तपासायला सांगता येतं. दर आठवड्याला विसावा हिस्सा लावला तर पाच महिन्यांत सगळं तपासून होतं.

वर्षातून एकदा मोठी परीक्षा घ्या. पाय बंद करून ठेवा, तो अस्तित्वातच नाही असं समजा. दुसऱ्याच लॅपटॉपवर रेस्टिक टाका आणि सगळं परत आणायचा प्रयत्न करा. 200 जीबी 100 मेगाबिटच्या वेगाने उतरायला साडेचार तास लागतात, ते लागू देत. इथे बहुतेकांना कळतं, की क्लाउडची चावी फक्त पायवरच होती, किंवा रेस्टिकचा पासवर्ड ज्या पासवर्ड मॅनेजरमध्ये आहे तो उघडायला ओटीपी लागतो आणि ओटीपी येणारा फोन पुरात गेलेला आहे असंच या परीक्षेत धरायचं आहे.

म्हणून एक कागद. त्यावर क्लाउड कंपनीचं नाव आणि खात्याचा ईमेल, त्या खात्याचे ओटीपीशिवाय आत जायचे राखीव कोड, फोल्डरची चावी आणि रेस्टिकचा पासवर्ड. हाताने, ठळक अक्षरात, कारण शून्य आणि ओ यांत गल्लत होते. दोन प्रती करा: एक बँकेच्या लॉकरमध्ये, एक दुसऱ्या गावातल्या बहिणीकडे किंवा भावाकडे बंद पाकिटात. पासवर्ड बदलला की दोन्ही बदला. आणि हे पाकीट कशाचं आहे, ते घरातल्या आणखी एका माणसाला समजावून सांगा, शक्यतो त्याच्याकडूनच एक फोटो परत आणून घेऊन.